फोमच्या तलवारींच्या लढाईत वैद्य कसं व्हावं

लढाईचा खेळ लावायचा म्हटलं की ज्याला त्याला तलवार हवी असते. ढालीला दोघे-तिघे तयार होतात. वैद्य व्हायला कुणी पुढे येत नाही, मग जो सगळ्यात लहान असेल किंवा ज्याला नीट पळता येत नाही त्याच्या गळ्यात ते काम मारलं जातं. हे साफ उलटं आहे. दलातला सगळ्यात चौकस गडी वैद्य हवा, कारण कोण पुन्हा उभा राहणार आणि कधी, हे तोच ठरवतो. सोलापूरच्या पोरांना तर हे पटायला जड जाऊ नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे. १९३८ मध्ये ते चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले.

मध्ययुगीन लढाईचे हे मैदानी खेळ अमेरिकेत चांगले रुजले आहेत. दागोरहिर १९७७ मध्ये सुरू झाला, अॅम्टगार्ड १९८३ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोत. नियम ढोबळमानाने असे: हाताला वार बसला की तो हात पाठीमागे, पायाला बसला की गुडघ्यावर, धडावर बसला की मेला. डोक्यावर वार करायचाच नाही. अॅम्टगार्डमधला हीलर, म्हणजे वैद्य, जखमीला हात लावून ठरलेला मंत्र मोठ्याने म्हणतो, आणि मंत्र पुरा झाला की जखम बरी झाली असं धरतात.

आपल्याकडे खेळ लावताना आधी मंत्र ठरवा. तो साधारण दहा सेकंदांचा हवा आणि समोरच्या दलालाही ऐकू गेला पाहिजे. आम्ही हा म्हणतो:

हळद भरली, पट्टी धरली,
रक्त राहिलं, हाड जुळलं,
ऊठ गड्या, ढाल सांभाळ!

तीनदा म्हणायचा. मध्ये वैद्याला वार बसला किंवा शब्द अडला की पुन्हा पहिल्यापासून. शहराच्या पूर्व भागातल्या पोरांना तेलुगूत म्हणायचा असेल तर खुशाल म्हणू द्या, कुणी कानडीत म्हणेल. लांबी तेवढी सारखी ठेवा.

मग पट्ट्या. सोलापुरात टॉवेल आणि चादरी घरोघर असल्या तरी त्या कापू नका. कापड जाड पडतं, गाठ बसत नाही. जुनं सुती धोतर घ्या आणि चार बोटं रुंद, हातभर लांब अशा पट्ट्या फाडा. एक टोक जखमीच्या चिमटीत द्या, दोन वेढे घ्या, दुसरं टोक वेढ्याखाली खोचा. गाठ मारूच नका, सोडताना वेळ जातो. पट्टी सैलच हवी, खाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. एका सामन्याला वैद्याकडे पाचच पट्ट्या, असा नियम केलात तर वैद्य विचार करून खेळतो. नाटक रंगवायचं असेल तर मधाची रिकामी बाटली कमरेला लावा. १४०३ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र हेन्री याच्या चेहऱ्यात रुतलेला बाण जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने काढला, तेव्हा जखमेसाठी मध वापरला होता.

उभं कुठे राहायचं? ढालवाल्यांच्या मागे तीन-चार पावलांवर, मधोमध, दोन्ही टोकं दिसतील असं. जखमी दिसला की धावत सुटू नका. ज्याचा हात गेला आहे तो चालू शकतो, त्याला मागे बोलवा. ज्याचा पाय गेला आहे त्याच्याकडे जायचंच असेल तर आधी ढालवाल्याला पुढे काढा, मगच वाका. वाकलेला वैद्य म्हणजे समोरच्याला आयती शिकार.

खरा कस लागतो तो आधी कुणाला उठवायचं हे ठरवताना. नवखा वैद्य जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे जातो, नाहीतर आपल्या दोस्ताकडे. तसं करू नका. पाय गेलेला गडी गुडघ्यावरूनही जागा अडवून ठेवतो, त्याचे दोन्ही हात चालतात. तलवारीचा हात गेलेला मात्र जवळजवळ निकामी असतो, म्हणून हात आधी. त्यातही भालेवाला पहिला, कारण लांब भाला एका हाताने पेलत नाही. अपवाद एकच: रांगेच्या टोकाचा गडी गुडघ्यावर आला असेल तर त्याला सगळ्यांच्या आधी उठवा, नाहीतर शत्रू तिथून वळसा घालून थेट तुमच्या पाठीवर येतो. मेलेल्यांना उठवायची सोय तुमच्या नियमांत असली, तरी रांग सावरेपर्यंत त्यांच्याकडे बघू नका.

खऱ्या दुखापतीची पिशवी वेगळी ठेवा, वेगळ्या रंगाची. कुणाला खरंच लागलं की वैद्याने शिट्टी वाजवून ‘थांबा!’ म्हणायचं आणि सगळ्यांनी तलवारी खाली टाकायच्या. इथे मंत्रबिंत्र काही नाही. आपल्या गावात मोठी भीती उन्हाची आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा खेळूच नका. थंडीतही सकाळीच उरका. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटल्या भरून ठेवा. चमचा चहाचा. उन्हात खेळणारा कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून झोकांड्या जायला लागल्या, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

जागेचं म्हणाल तर भुईकोट किल्ला कितीही मोहात पाडत असला तरी ती संरक्षित वास्तू आहे, तिथे लढाया नकोत. शाळेचं मैदान मागून घ्या. होम मैदानावर जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा ते विसराच.

सरावासाठी एक करा: वैद्याला रांगेकडे पाठ करून उभं करा, चार जणांना हवे तसे जखमी करा, मग त्याला वळवा. त्याने तीन सेकंदांत पहिलं नाव घेतलं पाहिजे आणि तेच का, हेही सांगितलं पाहिजे. दर रविवारी वैद्य बदला, म्हणजे तलवारवाल्यांनाही कळेल की मंत्र चालू असताना त्याच्यापुढे ढाल का धरायची.