आईच्या गोळ्या ठरवताना या चुका टाळा

गणपतीला मुंबईहून घरी आलात, कपाट उघडलंत, आणि मे महिन्यात आणलेली गोळ्यांची अर्धी पाकिटं तशीच. आईला ओरडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाप्रमाणे विकसित देशांतही दीर्घ आजारांची औषधं नीट घेणारे सरासरी निम्मेच असतात. ‘का घेतली नाहीस?’ विचारलं की ती ‘विसरले’ म्हणणार. ‘कुठली गोळी नकोशी वाटते?’ असं विचारून बघा.

मग खरं कारण निघतं. लघवीची गोळी घेतली की मालवण ते कुडाळ एस.टी.त बसायची धास्ती. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजतात. रामिप्रिल या रक्तदाबाच्याच दुसऱ्या गोळीने कोरडा खोकला लागतो आणि ती खोकल्याचं औषध पीत बसते. डॉक्टरांना कळलं तर वेळ बदलता येते, गोळीही बदलता येते. पण तपासणीच्या खोलीत मुलगाच बोलतो, आणि गोळ्या गिळणारी गप्प! खुर्ची तिला द्या, बोलू द्या. मनाने मात्र काही बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी रक्तदाबाची गोळी एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं असतं.

याहून घातक म्हणजे दोन ठिकाणची औषधं. मुंबईच्या डॉक्टरांची टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी कंपनीच्या नावाने आणि जनऔषधी दुकानातली मूळ नावाने. पाकिटं निराळी, औषध एकच. ती दोन्ही घेते आणि चक्कर येऊन पडवीत कोसळते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातलं सगळं औषध पिशवीत भरून न्या. काढेसुद्धा. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक तर नक्कीच, कारण तिने रक्तदाब वाढतो.

‘उपास सोड’ असं बजावणंही फुकट जातं. ती हो म्हणते आणि संकष्टीला ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत उपाशी राहते. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवा: उपासाच्या दिवशी गोळी किती, कधी, की नकोच?

आणि एरवी गोळ्या काढून देतं कोण? गावातली सून, नाहीतर शेजारची काकी. तिलाच बरोबर न्या. बाहेर पडण्याआधी आईने आणि तिने कुठली गोळी कशासाठी हे आपल्या शब्दांत डॉक्टरांना सांगावं. अडखळल्या तर तिथेच पुन्हा विचारा, पाकिटावर मराठीत लिहून घ्या.