उपयोजित वर्तन विश्लेषणातील शोधनिबंध कसा पारखावा

उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणजे वर्तन मोजून ते प्रशिक्षणाने बदलू पाहणारी शाखा. तिच्यातील शोधनिबंध हाती आला की सारांश आणि निष्कर्ष बाजूला ठेवून आधी पद्धतीचा भाग आणि आलेख पाहावेत. या शाखेत अनेक प्रयोग दोन-चार व्यक्तींवरच होतात, प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्या स्वतःच्याच आधीच्या वर्तनाशी केली जाते आणि सत्रागणिक नोंद बहुधा आलेखात जशीच्या तशी छापलेली असते. त्यामुळे लेखकाचे म्हणणे मान्य करण्यापूर्वी ते स्वतः पडताळून पाहण्याची संधी वाचकाला मिळते, आणि ती दवडू नये. सहभागी थोडे आहेत एवढ्याच कारणाने निबंध फेटाळणे घाईचे ठरेल.

सुरुवात वर्तनाच्या व्याख्येपासून करावी. ‘चिडचिड कमी झाली’ हे मोजता येत नाही. ‘उघड्या तळहाताने स्वतःच्या डोक्यावर मारणे’ ही व्याख्या मात्र दोन अनोळखी निरीक्षक सारखीच वापरू शकतात. पाठोपाठ नोंदीची पद्धत तपासावी, कारण निबंधाचा कच्चेपणा बहुधा येथेच दडलेला असतो असे मला वाटते. समजा, 10 सेकंदांच्या कालखंडात वर्तन क्षणभर जरी घडले तरी ‘घडले’ अशी खूण करायची आहे. मूल प्रत्येक कालखंडात एकच सेकंद ओरडले, तर प्रत्यक्षात ते 10 टक्के वेळच ओरडलेले असूनही नोंद 100 टक्के दाखवील. वर्तन कालखंडभर टिकले तरच खूण करायची असेल, तर चूक उलट दिशेने होते.

दोन निरीक्षकांच्या सहमतीचा आकडाही सावधपणे वाचावा. प्रयोगाच्या प्रत्येक टप्प्यातील निदान 20 टक्के सत्रांवर सहमती तपासलेली असावी आणि ती किमान 80 टक्के असावी, हा प्रचलित निकष आहे. पण तो पुरा झाला म्हणून मोजमाप विश्वासार्ह ठरतेच असे नाही. 100 कालखंडांपैकी एका निरीक्षकाने 4 ठिकाणी वर्तन नोंदवले आणि दुसऱ्याने वेगळ्याच 4 ठिकाणी, तरी उरलेल्या 92 कालखंडांतील ‘घडले नाही’ ही नोंद जुळते आणि सहमती 92 टक्के भरते, जरी वर्तन घडल्याबाबत दोघांचे एकदाही एकमत झालेले नसले. म्हणून क्वचित घडणाऱ्या वर्तनासाठी केवळ ‘घडले’ या नोंदींवरची सहमती, किंवा योगायोगाचा वाटा वगळणारा कॅपा गुणांक दिला आहे का, ते शोधावे.

मग प्रयोगाची मांडणी पाहावी. आधाररेषा (उपाय सुरू होण्यापूर्वीची नोंद), हस्तक्षेप (वर्तन बदलण्यासाठी केलेला उपाय) आणि नंतर सुधारणा एवढेच दाखवलेले असेल, तर ती सुधारणा वयामुळे, नव्या शिक्षकामुळे किंवा औषधातील बदलामुळेही झालेली असू शकते. हस्तक्षेप काढल्यावर वर्तन मागे जाते आणि पुन्हा लावल्यावर सुधारते, असे दिसल्यास ती शंका बरीच कमी होते. वाचनासारखे कौशल्य मात्र एकदा आले की पुसता येत नाही, आणि स्वतःला इजा करणारे वर्तन मुद्दाम परत आणणे योग्य नाही. अशा वेळी हस्तक्षेप वेगवेगळ्या व्यक्तींवर वेगवेगळ्या दिवशी सुरू केला जातो. कोणत्याही मांडणीत परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसावा. दुसऱ्या मुलाचा आलेख त्याची पाळी येण्याआधीच चढू लागला असेल, तर तेथे थांबून विचार करावा.

आलेखात पातळी, कल, चढउतार आणि बदल किती लवकर झाला हे पाहावे. आधाररेषाच सुधारणेकडे झुकलेली असताना दोन टप्प्यांच्या सरासरीतील फरक फारसे काही सांगत नाही. हस्तक्षेप ठरल्याप्रमाणे राबवला गेला का, याची स्वतंत्र नोंदही असावी.

गटांच्या अभ्यासात सहभागींची गटांत विभागणी कशी झाली हा पहिला प्रश्न असतो. मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांच्या 1987 च्या सुप्रसिद्ध अभ्यासात आठवड्याला सुमारे 40 तास प्रशिक्षण मिळालेल्या 19 स्वमग्न मुलांपैकी 9 मुले सर्वसाधारण बौद्धिक व शालेय पातळीवर पोहोचल्याचे नोंदवले होते, परंतु मुलांची विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, नव्हती. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक विभागणीच्या अभ्यासात लाभ दिसला, पण तो तुलनेने मर्यादित होता. पहिला अभ्यास उद्धृत करणाऱ्याने दुसराही सांगितला आहे का, यावरून त्याचा प्रामाणिकपणा कळतो.

शेवटी उद्दिष्ट कोणी ठरवले ते तपासावे. याच शाखेतील संशोधक माँट्रोज वुल्फ यांनी 1978 मध्येच उद्दिष्टे, पद्धती आणि परिणाम या तिन्हींबाबत संबंधित लोकांचे मत घेण्याचा आग्रह धरला होता. तरीही पुष्कळदा केवळ पालक आणि शिक्षकांना विचारले जाते. एखाद्या स्वमग्न मुलाचे हात फडफडवणे थांबवल्याचे यश सांगणाऱ्या निबंधात त्या मुलाला त्या हालचालीचा काय उपयोग होता आणि प्रशिक्षणादरम्यान ते रडले किंवा पळून जाऊ पाहत होते का, हे शोधावे. दुष्परिणामांविषयी एकही ओळ नसेल, तर ते तपासलेच गेले नाहीत असे धरून त्या निष्कर्षाला कमी वजन द्यावे.