बाळाच्या डोक्यातल्या ब्लीडला कुठला कोड लावायचा

अमेरिकन चार्ट (पेशंटच्या नोंदी) आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडयादीप्रमाणे कोड करणाऱ्यांनी एनआयसीयूची (नवजात बाळांच्या आयसीयूची) फाईल उघडली की आधी एकच बघायचं, ब्लीड (रक्तस्राव) बर्थ इंज्युरीमुळे, म्हणजे जन्मताना झालेल्या इजेमुळे झालाय का. तसं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर पी१०, नसेल तर पी५२, आणि एकाच ब्लीडला दोन्ही लावायचे नाहीत, तिथे एक्स्क्लूड्स१ (हे दोन कोड एकत्र चालत नाहीत अशी टीप) आहे. फोर्सेप्स (चिमट्याने केलेली) डिलिव्हरी दिसली म्हणून आपणच पी१० ठोकायचा नाही हां.

मग ग्रेड, म्हणजे ब्लीड किती पसरलाय. व्हेंट्रिकलमधला (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीतला) ब्लीड असेल तर ग्रेड १ ला पी५२.०, २ ला पी५२.१, ३ ला पी५२.२१ आणि ४ ला पी५२.२२. नुसता पी५२.२ टाकला की विम्याचा क्लेम परत येतो, पाचवं अक्षर लागतंच, मी नवीन असताना यातच दोनदा आपटलोय. ग्रेड १ म्हणजे रक्त जर्मिनल मॅट्रिक्समध्येच (व्हेंट्रिकलच्या कडेचा नाजूक थर), २ मध्ये ते व्हेंट्रिकलमध्ये उतरतं, ३ मध्ये व्हेंट्रिकल फुगतं, ४ मध्ये मेंदूच्या टिश्यूमध्ये जातं. पण हे समजण्यापुरतं, सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून ग्रेड आपण ठरवायची नाही, नोटमध्ये नुसतं आयव्हीएच (व्हेंट्रिकलमधला ब्लीड) असेल तर डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) टाका, उत्तर नाहीच आलं तर पी५२.३.

सबॲरॅक्नॉइड (मेंदूच्या आवरणांमधला) ब्लीड पी५२.५, सेरेबेलमचा (लहान मेंदूचा) पी५२.६.

बाळ प्रीमॅच्युअर असेल तर पी०७ (कमी वजन आणि कमी आठवड्यांचे कोड) विसरू नका, वजन आणि आठवडे दोन्ही असतील तर दोन्ही कोड, आधी वजनाचा. १,१०० ग्रॅम, २८ आठवडे म्हणजे पी०७.१४ आणि पी०७.३१. आणि हे पी कोड बाळाच्याच चार्टवर, आईच्या नाही.