जुना बंधारा पाण्याखालून उडवताना या चुका टाळा

निकामी झालेला बंधारा किंवा नदीतला जुना खांब काढायचा म्हटलं की नव्या पोरांना फक्त स्फोट दिसतो. म्हणून मी नव्या माणसाला पहिले आठ दिवस बारुदीजवळ फिरकूच देत नाही. काठावर बसवतो आणि दर तासाला पाण्याची पातळी लिहायला लावतो.

मागचा गाळ न मोजणं. या चुकीचा मला सगळ्यांत जास्त राग आहे, कारण ती मी स्वतः केली आहे. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका ओहोळावर जुना दगडी बंधारा होता. फळ्या घालायच्या खाचा फुटलेल्या, पाणी अडत नव्हतं. मागे गाळ किती, असं विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "गुडघाभर असेल, साहेब." मी त्याच्यावर विसंबलो. स्फोट अगदी बेतल्यासारखा झाला, मधला भाग जागच्या जागी बसला. पाच मिनिटांनी कुजक्या पानांचा वास आला आणि मागोमाग खाणींचा तांबडा गाळ सुटला. खाली वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, लावणी नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी रोप उपटून माझ्या हातात ठेवलं. पात्यावरचा चिकट थर बोटानं पुसला तरी निघेना. त्यांच्या घरची पेज त्याच तीन कुणग्यांवर, म्हणजे भाताच्या लहान तुकड्यांवर, होती.

तेव्हापासून दर चार पावलांवर बांबू मी स्वतः खुपसतो. कमरेएवढा गाळ लागला की स्फोटाची तारीख पुढे जाते. आधी पाणी टप्प्याटप्प्यानं उतरवायचं, मग पोकलेन लावून गाळ काढायचा. अमेरिकेतल्या कॉन्डिट धरणाचा व्हिडिओ कुणी ना कुणी दाखवतोच: २६ ऑक्टोबर २०११, पायथ्याशी स्फोटानं भोक पाडलं आणि दोन तासांच्या आत जलाशय रिकामा. पण तिथं गाळ नदीवाटे वाहू द्यायचा, हे आधीच अभ्यासून ठरवलं होतं. आपल्याकडे खाली कुणाची तरी शेती असते.

भरतीचं गणित न करणं. मांडवी नदीत भरतीचं पाणी समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजे गावापर्यंत चढतं. उधाणाच्या दिवसांत पाणबुड्याला तळाशी हात स्थिर धरता येत नाही. मी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यांत कमी असतो ते दिवस धरतो आणि ओहोटी संपून पाणी थबकतं तेवढ्यातच माणूस खाली सोडतो. पण नेमक्या त्याच वेळी बायका तिसऱ्या (शिंपले) काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरलेल्या असतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. पाण्यातल्या माणसाच्या फुप्फुसांना आणि आतड्यांना स्फोटाचा दाब थेट बसतो. भोंगा वाजवला म्हणजे झालं, असं मानू नका. दोन्ही काठांवर माणूस पाठवा. बायका, पोरं, म्हशी, सगळी बाहेर आल्याचं त्यानं डोळ्यांनी बघून सांगावं.

आवाज मोजून "सगळे सुटले" म्हणणं. विलंबानं सुटणारे स्फोट पाण्याखाली एकमेकांत मिसळून ऐकू येतात. बारूद भरलेलं पण न सुटलेलं भोक मलब्याखाली तसंच राहतं. ठरलेला वेळ पूर्ण थांबा, परवानाधारक ब्लास्टरला जोडणीच्या नकाशावर एकेक भोक तपासू द्या. तोवर वायर ओढणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवतो, मग तो कुणाचा का भाचा असेना.

चिऱ्याच्या जुन्या घरांचे आणि देवळाचे तडे आधी फोटोत घ्या, घरमालकाला शेजारी उभं करून. मासे वाचवायला हवेच्या बुडबुड्यांचा पडदा लावा. खर्चाचं कारण मला सांगू नका. पेसोच्या (स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) परवान्याशिवाय स्फोटकांची गाडी दारात उभी करू नका. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर काम सुरू करायचं म्हणत असाल तर तेव्हा नको, पाऊस संपल्यावर दिवाळीनंतर या.

आणि तळ दोरीनं मोजल्याशिवाय इशाऱ्याच्या तरंगत्या बोया काढू नका. एखादा दगड उभाच राहिलेला असतो, आणि रात्री जाळं घेऊन निघालेल्या होडीला तोच लागतो.