दिवसभरात साखर किती खाल्ली? चमचा, वही आणि साखरेचा डबा

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.१ आला. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोड कमी करा. आम्ही बुचकळ्यात पडलो, कारण आमच्या घरात गोडधोड सणावारालाच होतं. मग सासूबाईंनी किराण्याची यादी काढली. तीन माणसं आणि महिन्याला चार किलो साखर! ४००० ग्रॅम भागिले तीस दिवस, भागिले तीन माणसं, म्हणजे माणशी रोज ४४ ग्रॅम. आणि यात बिस्किटं, सॉस, बाहेरचा चहा धरलेलाच नाही.

तुम्हीही सुरुवात इथूनच करा. साखरेची नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा, संपली की भागाकार करा. पाहुण्यांचा चहा, सणाचे लाडू यांमुळे आकडा थोडा पुढेमागे होईल, पण घराचा अंदाज येतो.

किती चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोजायची साखर (कुठली ते पुढे सांगते) दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांखाली गेली तर आणखी चांगलं. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात. २००० कॅलरींच्या आहाराला हे प्रमाण लावलं तर ५० ग्रॅम ही वरची मर्यादा होते आणि २५ ग्रॅम हे गाठण्याजोगं लक्ष्य. मी २५ धरून चालते.

यात काय मोजायचं, तर वरून घातलेली साखर, गूळ, मध, काकवी, सरबतं आणि फळांचा रस. अख्खं फळ आणि दुधातली मूळची साखर मोजायची नाही. पेरू खाल्ला तर वहीत शून्य, उसाचा रस प्यायलात तर एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास. आमरसात फक्त वरून घातलेली साखर धरा. गुळाबद्दल मात्र ठाम सांगते: गूळ साखरेसारखाच मोजा. साखरेच्या जागी गूळ आणला म्हणून आकडा खाली येत नाही. आमच्याकडे हे पटायला दोन महिने गेले.

आधी चमचा मोजा

‘एक चमचा साखर’ म्हणजे किती, हे घरोघरी वेगळं असतं. सपाट चहाचा चमचा चार-पाच ग्रॅमचा, पण आपण सपाट चमचा घालतो कुठे? रोज जसा भरता तसेच दहा चमचे वाटीत घाला, वजनकाट्यावर ठेवा आणि दहाने भागा. काटा नसेल तर वाण्याकडून १०० ग्रॅम साखर मोजून आणा आणि त्यात आपले किती चमचे बसतात ते पाहा. आमच्या दहा चमच्यांचं वजन ६८ ग्रॅम भरलं, म्हणजे चमचा जवळजवळ ७ ग्रॅमचा. दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकी एक चमचा, झाले २१ ग्रॅम. नवऱ्याची दिवसभराची साखर चहातच संपत होती.

वाटीही मोजून ठेवा. दीडशे मिलीच्या वाटीत साधारण सव्वाशे ग्रॅम साखर मावते. वाटीभर रव्याचा शिरा करताना वाटीभर साखर घातली आणि तो पाच जणांत वाटला, तर प्रत्येकाच्या ताटलीत २५ ग्रॅम आली. घरच्या कुठल्याही पदार्थाचा हिशेब असाच करायचा: एकूण किती घातलं आणि किती जणांत गेलं.

सात दिवस फक्त लिहा

पहिल्या आठवड्यात काहीही कमी करू नका. जे खाता ते खा आणि लिहा, खाल्ल्या खाल्ल्या. रात्री आठवून लिहिलेली वही खोटी ठरते. दुपारी ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा पेढा खाल्ला होता हे रात्रीपर्यंत विसरलेलं असतं. आमची वही ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेली होती, बाहेर असताना मोबाईलमध्ये टिपण. आठवड्यात एक रविवार आणि जमल्यास एक उपवास येऊ द्या. उपवासाची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू बरंच काही सांगतात.

स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला या कामात घ्यावंच लागतं. आमटीत सुपारीएवढा गूळ, कोशिंबिरीत चमचा, पोह्यांवर चिमूट, हे खाणाऱ्याला दिसत नाही. मात्र याचा बाऊ करू नका. त्या सुपारीएवढ्या गुळातला माणशी वाटा दोन-तीन ग्रॅमच असतो. आमटीची चव मारण्यापेक्षा चहाकडे बघा.

आमच्या पहिल्या आठवड्यात वहीतली सरासरी २९ आली आणि डबा म्हणत होता ४४. मग कळलं की ‘अर्धा कप घे ना’ म्हणून घेतलेला चहा कुणीच लिहीत नव्हतं.

अ‍ॅप वापरत असाल तर

अ‍ॅप बहुतेक वेळा एकूण साखर दाखवतं. १०० मिली दुधात मूळचीच जवळपास ५ ग्रॅम साखर असते, त्यामुळे दूध आणि फळं खाणाऱ्याला आकडा बघूनच धडकी भरते. जोडसाखरेचा, म्हणजे वरून घातलेल्या साखरेचा (added sugar), वेगळा रकाना असेल तर तोच पाहा. तयार यादीतला ‘चहा’ तुमच्या घरचा नसतो. ‘आमचा चहा’ अशी स्वतःची नोंद एकदा करा आणि तीच वापरा.

पाकीट उलटं करा

आपल्याकडे पाकिटावरच्या पोषणतक्त्यात एकूण साखर आणि जोडसाखर असे दोन आकडे असतात. ते बहुधा १०० ग्रॅमसाठी असतात, तेव्हा आपण किती खाणार त्या प्रमाणात हिशेब करा. शेजारच्या टक्केवारीत दिवसाला ५० ग्रॅम जोडसाखर धरलेली असते. तुमचं लक्ष्य २५ असेल तर ती टक्केवारी दुप्पट समजा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. त्यात लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, मध दिसलं तर ती साखरच.

श्रीखंडाच्या १०० ग्रॅमच्या डबीत साखर ४० ग्रॅमच्या आसपास जाते. कोलाच्या पाव लिटरच्या बाटलीत साधारण २६. टोमॅटो सॉसच्या मोठ्या चमच्यात चार ग्रॅम, आणि मुलं एकावर कुठे थांबतात?

आता कमी करा, पण एकच गोष्ट

वहीत सर्वांत मोठा आकडा ज्याचा, त्यालाच हात लावा. बहुतेक घरांत तो चहा असेल. चमच्याचा पाऊण करा, दोन आठवडे थांबा, मग अर्धा. जिभेला सवय व्हायला वेळ लागतो. एकदम बंद केलेली साखर चौथ्या दिवशी परत येते. आलं, वेलची, गवती चहा यांनी कमी गोडीचा चहा सुसह्य होतो. टपरीवरच्या चहात साखर आधीच उकळलेली असते, ती काढता येत नाही. तिथे कप लहान घ्या किंवा एक फेरी टाळा. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी वापरायच्या बिनसाखरेच्या गोड गोळ्यांवर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे; ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही.

सणासाठी रोजचा नव्हे, आठवड्याचा हिशेब धरा: २५ गुणिले सात, म्हणजे १७५ ग्रॅम. होळीला पुरणपोळी खायचीच, आधीचे दोन-तीन दिवस चहा बिनसाखरेचा. पाडव्याच्या गाठी, संक्रांतीचा तिळगूळ हेही यातच बसवता येतं.

मधुमेहाचं औषध चालू असेल तर

इन्सुलिन किंवा रक्तातली साखर खूप खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. अशा माणसासाठी भात, पोळी, भाकरी, साबुदाणा यांचाही हिशेब लागतो, नुसत्या साखरेचा पुरत नाही. घाम, थरथर, चक्कर जाणवली आणि रक्तातली साखर ७० च्या (मिग्रॅ/डेसीलिटर) खाली असली, तर त्या वेळी वही बाजूला ठेवून १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

रोजची वही आम्ही तीन महिन्यांनी बंद केली. आता दर तीन महिन्यांनी एक आठवडा लिहितो आणि पिशवीवर तारीख घालतो. चार किलो महिन्याला संपायची, ती आता दोन महिने पुरते.