पहिली-दुसरीच्या मुलांना नवे शब्द कसे शिकवावेत

पाठात नवा शब्द आला की तो फळ्यावर लिहायचा, त्यापुढे बरोबरचे चिन्ह काढून अर्थ द्यायचा आणि ती ओळ मुलांकडून वहीत उतरवून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मीही तेच केले. ‘ओसरणे = कमी होणे’ ही ओळ मुलांनी पाच-पाच वेळा लिहिली आणि चाचणीत बरोबर उत्तरही दिले; पण पुढच्या आठवड्यात एका मुलीने वाक्य केले, ‘माझी पेन्सिल ओसरली.’ तिचे काहीच चुकले नव्हते. पेन्सिल टोक काढून काढून खरोखरच कमी झाली होती, आणि ओसरणे म्हणजे कमी होणे हे तिला मीच सांगितले होते.

शब्द कोणत्या गोष्टींना लागतो आणि कोणत्या गोष्टींना लागत नाही, हे उमगेपर्यंत तो मुलाच्या तोंडी बसत नाही, आणि ते उमगायला अर्थाच्या एका ओळीपेक्षा पुष्कळ दिवसांचे बोलणे लागते. म्हणून शब्द थोडेच घ्यावेत. पहिलीत आठवड्याला चार आणि दुसरीत सहा शब्द पुरतात, असा माझा अनुभव आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या, पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. मिनिटे आणि शब्द मोजणे सोपे असल्यामुळे शाळांमध्ये वेगाकडे लक्ष जाते, परंतु ‘समजून’ हा भाग मुलाजवळच्या शब्दसंपत्तीवरच उभा असतो.

शब्दांची निवड करताना इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅककीअन या अमेरिकी संशोधकांनी केलेली तीन थरांची विभागणी उपयोगी पडते. पहिल्या थरातले ‘पाणी’, ‘झोप’, ‘लाल’ असे शब्द मूल घरूनच घेऊन येते; तिसऱ्या थरातले ‘बाष्पीभवन’ यांसारखे शब्द त्या त्या विषयाबरोबर यथावकाश येतील. शिकवण्याची खरी मेहनत मधल्या थरावर करावी, कारण ‘ओसरणे’, ‘विरळ’, ‘तुडुंब’, ‘अलगद’, ‘न्याहाळणे’, ‘धांदल’, ‘संकोच’ हे शब्द गोष्टींत वारंवार येतात, अनेक प्रसंगांना लागू पडतात आणि तरीही लहान मुलांच्या रोजच्या बोलण्यात सहसा नसतात.

‘ओसरणे’ हा शब्द आता मी कसा शिकवते, ते सविस्तर सांगते. नाशिकमध्ये हा शब्द पावसाळ्यातच घ्यावा. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरी चढते, आणि पुराचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याला, याची चर्चा घरोघरी होते. मुलांच्या कानावर ती पडलेली असते. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरणीच्या तळाशी दाभणाने बारीक भोक पाडून त्यावर बोट धरावे, आत एक बाहुली उभी करून बाहुलीच्या गळ्यापर्यंत पाणी भरावे आणि मग बादलीवर धरून बोट काढावे. पाणी छातीला आले, कमरेला आले, गुडघ्याला आले, घोट्याला आले, हे मुले आपणहून मोठ्याने सांगू लागतात. तेव्हाच म्हणावे, ‘पाणी ओसरते आहे.’ सर्वांनी शब्द दोन-तीनदा उच्चारावा. मग अर्थ मुलांच्या भाषेत सांगावा: भरून आलेले किंवा वर चढलेले काही हळूहळू, आपोआप कमी होत गेले की ते ओसरले असे आपण म्हणतो. या एका वाक्यात पेन्सिल का ओसरत नाही, त्याचे उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी केवळ प्रश्न विचारावेत. पूर ओसरतो का? बाजारातली गर्दी ओसरते का? डब्यातले लाडू ओसरतात का? मुलाने हो किंवा नाही म्हटल्यावर ‘का?’ हे विचारलेच पाहिजे, कारण शब्दाची सीमा त्या ‘का’मधून कळते. तिसऱ्या दिवशी मुलांनी जोडीजोडीने आपल्या घरातला प्रसंग सांगावा, आणि चौथ्या दिवशी राग ओसरताना चेहरा, मुठी आणि आवाज कसा बदलतो, ते करून दाखवावे. पाण्याचा शब्द रागाला लागतो हे कळल्यावर मुलांना वाटणारे आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. लेखन पाचव्या दिवशी घ्यावे, तेही एकच स्वतःचे वाक्य आणि एक चित्र इतकेच. एका शब्दाला रोज तीन-चार मिनिटे पुरतात; सर्व शब्दांना अशी बरणी लागत नाही, आठवड्यात एखाद्याच शब्दाला इतकी तयारी करावी.

दिंडोरी-निफाडकडच्या शाळांत ‘विरळ’ हा शब्द मुलांच्या अंगणातच उभा असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षघडांची विरळणी सुरू होते, अनेक मुलांच्या आया त्या कामावर जातात, आणि मणी फुगायला जागा मिळावी म्हणून घडातले काही मणी काढून टाकतात हे मुलांनी पाहिलेले असते. ‘विरळणी’पासून ‘विरळ’कडे, तिथून आजोबांच्या विरळ केसांकडे आणि विरळ वस्तीकडे सहज जाता येते, उलट बाजूला ‘दाट’ ठेवावा. लासलगाव परिसरात दुसरीच्या मुलांना ‘चाळ’ घेऊन बसावे: कांद्याची चाळ, नर्तकीच्या पायातले चाळ, आणि ‘पीठ चाळ’, ‘पुस्तक चाळ’ म्हणताना येणारे क्रियापद. एकाच उच्चाराचे इतके अर्थ सापडतात, यातच मुले रमतात. शहरातल्या पालकांनी मुलाला गोदाकाठच्या बुधवारच्या आठवडे बाजारात न्यावे आणि मेथीची जुडी, द्राक्षांचा घड, केळ्यांची फणी, लसणाचा गड्डा हे शब्द वस्तू हातात देऊन सांगावेत. ‘मेथी घे’ याऐवजी ‘मेथीची कोवळी जुडी निवड’ असे म्हटले, तर पिशवी भरता भरता दोन शब्द घरी येतात. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांनाही हे काम उत्तम जमते, हे त्यांना आवर्जून सांगावे.

मालेगाव, सटाणा, देवळा, कळवण या भागांतली अनेक मुले घरी अहिराणी बोलतात, तर सुरगाणा-पेठकडे कोकणा आदिवासींची कोकणी बोलली जाते. ‘मनं दप्तर आठे शे’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ असे सांगणे हा अन्याय आहे, कारण ते मूल नीटच बोलत असते. त्याच्या ‘आठे’शेजारी ‘इथे’ ठेवावा. भिंतीवरच्या तक्त्यात ‘घरी’ आणि ‘शाळेत’ असे दोन रकाने करून दोन्ही शब्द लिहावेत. शिक्षकाला घरचा शब्द ठाऊक नसेल, तर तो मुलालाच विचारावा. एकदा आपला शब्द भिंतीवर गेला की एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गोष्ट वाचून दाखवताना तीनपेक्षा जास्त शब्दांपाशी थांबू नये, नाहीतर गोष्टीचा धागा तुटतो. पहिल्या वाचनात ओघातच सोपा अर्थ सांगून पुढे जावे आणि चर्चा दुसऱ्या वाचनासाठी ठेवावी.

उजळणीशिवाय यातले काही टिकत नाही. घेतलेला शब्द पंधरा दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने शिक्षकाच्या बोलण्यात यायला हवा: ‘नळावरची गर्दी ओसरली की हात धुवायला जा.’ तपासतानाही अर्थ विचारू नये. मुलाने आधी न ऐकलेला प्रसंग द्यावा. ‘लग्नघरातली वर्दळ ओसरली, म्हणजे काय झाले असेल?’ यावर ‘पाहुणे हळूहळू घरी गेले’ असे मुलाने आपल्या शब्दांत सांगितले, तर शब्द पोहोचला आहे. मी एका वहीत मुलांची नावे आडवी आणि शब्द उभे लिहिते, आणि एखाद्याने तो शब्द न विचारता आपणहून वापरला की त्या चौकटीत तारीख टाकते. ज्या शब्दापुढे महिनाभरात निम्म्या वर्गाच्या चौकटी रिकाम्या राहतात, तो पुढच्या आठवड्याच्या चार शब्दांत पुन्हा घेते, मात्र नव्या प्रसंगासह.