प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या: या चुका टाळा

प्राथमिक (साखळीतील अमिनो आम्लांचा क्रम), द्वितीयक (साखळीच्या भागांचे सर्पिलासारखे आकार), तृतीयक (संपूर्ण साखळीची घडी) आणि चतुर्थक (एकाहून अधिक साखळ्यांची जुळणी) ही नावे विद्यार्थ्यांना लवकर पाठ होतात. गोंधळ होतो तो कोणता बंध कोणामध्ये आहे हे सांगताना. ‘द्वितीयक रचनेत हायड्रोजन बंध असतात’ एवढेच उत्तर अपुरे आहे, कारण ते तृतीयक रचनेतही असतात. अल्फा सर्पिल या द्वितीयक रचनेत ते साखळीच्या कण्यातच (मुख्य धाग्यातच), एका अमिनो आम्लाचा ऑक्सिजन आणि त्याच्यापुढील चौथ्या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवरील हायड्रोजन यांच्यात जुळतात. पार्श्वगटांचे (अमिनो आम्लांच्या कण्याबाहेर निघालेल्या गटांचे) परस्परांशी असलेले बंध तृतीयक रचनेत मोडतात.

प्रत्येक प्रथिनाला चतुर्थक रचना असतेच, असेही समजू नये. मायोग्लोबिन हे स्नायूंतील प्रथिन म्हणजे १५३ अमिनो आम्लांची एकच साखळी असल्याने तिथे ती पातळीच नाही. नुसत्या साखळ्या मोजणेही फसवे ठरते: इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या मुळात प्रोइन्सुलिन या एकाच साखळीतून कापल्या जातात आणि डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या दोन अणूंमधील बंधांनी) जोडलेल्या राहतात; म्हणून दोन साखळ्या दिसल्या की चतुर्थक रचना असे धरू नये.

अंडे उकडल्यावर पेप्टाइड बंध (साखळीतील अमिनो आम्लांना जोडणारे बंध) तुटतात, हे चुकीचे विधान तर सर्रास आढळते. उष्णतेने घडी उलगडते आणि उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. प्राथमिक रचना मात्र टिकून राहते.

सर्वाधिक काळजी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण देताना घ्यावी. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये आढळणाऱ्या या आजाराविषयी ‘एक अमिनो आम्ल बदलले, म्हणून हिमोग्लोबिनची घडी बिघडली’ असे लिहिले जाते, आणि ते चुकीचे आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले. परंतु त्यामुळे रेणूची घडी फारशी बदलत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर पृष्ठभागावरील ही जलविरोधी (पाण्यापासून दूर राहणारी) व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिन रेणूच्या खोबणीत बसते, असे असंख्य रेणू जुळून लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी कोयत्याच्या आकाराची होते. या तंतूंना चतुर्थक रचना म्हणू नये. दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांची जुळणी हीच हिमोग्लोबिनची चतुर्थक रचना होय. जनुकीय बदलांच्या नव्या नोंदींत हाच बदल सातव्या जागी दिसला तरी गडबडून जाऊ नये: तिथे सुरुवातीचे, पुढे काढून टाकले जाणारे मेथिओनिनही मोजलेले असते.